मिसळलेले साचे

ता. ४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या संग्रहालयाने आमच्या शाळेच्या गळ्यात बांधलेला पॉप आर्टचा उद्योग एकदाचा पार पडला. मुलांनी एकमेकांचे चेहरे काढून प्रत्येकाचे पुठ्ठ्याचे तीन साचे कापले. पिवळ्याचा, निळ्याचा, काळ्याचा. एकावर एक छापले की चेहरा उमटतो. एकच चेहरा चार चौकटींत, भडक रंगांत! वर्गाची फरशी पिवळी झालीय आणि शिपाईकाकांनी माझ्याशी अबोला धरलाय.

एक घोटाळा झाला. साच्यांचा गठ्ठा माझ्या हातून पडून सगळे मिसळले. गंमत म्हणून हाती लागले ते तीन छापून पाहिले, तर चेहरा छान जुळला. वर्गातल्या कुणाचाच नाही. मुलांच्या चित्रांबरोबर तोही पाठवतेय. तुमच्या साहेबलोकांना काय कळतंय!

आई बरी आहे. अजून दाराकडे बघतच जेवते.

लोभ असू दे, पत्राला उशीर नको.
तुझी धाकटी

ता. २१ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तो कागद उघडला आणि खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. अगं, हा आपला गुंड्या आहे, तुझा दादा. दहा वर्षांचा होता, शाळेला म्हणून निघाला तो परत आलाच नाही. तू तेव्हा पाळण्यात होतीस, तुला कसा आठवणार? डाव्या भुवईतली खाचसुद्धा तीच, झोपाळ्यावरून पडला तेव्हाची.

पुढचं ऐक. तू चारही चौकटी सारख्याच छापल्या असशील. इथे त्या सारख्या नाहीत. पहिलीत तो दहाचा, दुसरीत मिसरूड फुटलंय, तिसरीत चांगला बाप्या, चौथीत बाबांसारखं टक्कल. इथल्या लोकांना मी शाई पसरली म्हणून सांगितलं.

मला भीती वाटतेय. आई त्याच्या वाटेवर डोळे लावून जगलीय. पुढच्या एखाद्या चौकटीत त्याचे डोळे मिटलेले निघाले तर? तिला काही कळू देऊ नकोस. साचे जाळून टाक.

तब्येत सांभाळ, माझ्यावर रागावू नकोस.
ताई

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईनेच फोडलं. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बसली. म्हणाली, इतकी वर्षं काही न कळता काढली, आता जे असेल ते कळू दे. माझं काही चाललं नाही. तेच साचे घेऊन छापलं, तर या वेळी छापतानाच पुढच्या चार चौकटी वेगवेगळ्या निघाल्या.

उरलेसुरले केस पिकले, दात पडले, चौथ्या चौकटीत तो आईपेक्षाही म्हातारा. पण डोळे उघडे आणि हसरा. आई आधी रडली, मग खळखळून हसली. एवढा जगणार म्हणजे पोटाला मिळत असणार, म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मला केवढा आनंद झाला काय सांगू!

पण काल तिने आणखी एक छापायला सांगितलं. मी काळी शाई संपल्याची थाप मारली. आज सकाळी वर्ग उघडला तर साचे शाईने ओले, आणि टेबलावर एक नवा कागद पालथा पडलेला. वर्गाची किल्ली माझ्याकडेच असते, ताई, आणि आई रात्रभर माझ्या शेजारीच झोपली होती.

मी तो सुलटा करून पाहिला नाही. पालथाच घडी करून, चिकटवून याच पाकिटात घातलाय. तू मोठी आहेस. उघडायचा की नाही, ते तूच ठरव. मला मात्र कळवू नकोस, माझा चेहरा आईला लगेच वाचता येतो.

माया आहे तशीच ठेव.
तुझी धाकटी