थोरलीची शहरफेरी

४ फेब्रुवारी, बुधवार

गाडी विकायची ठरली! म्हणजे ह्यांनी ठरवली, मी नुसती ऐकली. दवाखान्यातल्या कामावरून येऊन चपला काढत होते, तर हे फोनवर कुणाला तरी सांगत होते — इंजिन ठणठणीत आहे, पत्र्याला गंज नाही, बावीस तारखेच्या क्लबच्या मेळाव्याला घेऊन येतो, तिथेच बघून घ्या. कुणी दातांचे डॉक्टर आहेत म्हणे. जुन्या गाड्या जमवतात.

का विकायची, असं विचारलं. म्हणाले, चालवणार कोण? पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती आधीच होती, म्हणून मी तिला थोरली म्हणते. रविवारी सकाळी ह्यांचा पहिला हात तिच्या बॉनेटवरून फिरायचा. मग चहा. मग मी! इतकी वर्षं तिच्या नावाने बोटं मोडली. आता ती जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी हे पुन्हा गॅरेजमध्ये जाऊन बसले. गाडी बंद, दार बंद, हात स्टिअरिंगवर. चहा न्यायला गेले तर म्हणाले, ठेव तिथे.

ऑक्टोबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. ह्यांना समोर पाहिलं की नेमकं मधलं पुसलेलं दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. चष्म्याने सुधारण्यासारखं नाही. वाढणार नाही बहुतेक, पण गेलं ते परत येणारही नाही. तेव्हापासून आमच्याकडे तोंडात मिठाची गुळणी. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या मित्रांना सांगितलंय गुडघा दुखतो! दर रविवारी कुणी ना कुणी गुडघ्याची चौकशी करायला फोन करतं आणि हे बसल्या जागी लंगडल्यासारखं बोलतात.

माणूस गेल्यासारखं घर झालंय आणि माणूस तर समोर बसलाय. मला भीती वाटते.

८ फेब्रुवारी, रविवार

मी म्हटलं, मेळाव्याला गाडी मी नेते.

हे म्हणाले, "तू?"

एवढंच. पण त्या 'तू'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला! अहो, मी जनावरांच्या दवाखान्याची व्हॅन चालवते. मागे कुत्री भुंकत असतात, एखादा बोका पिंजऱ्यातून माझ्या पदराला पंजा मारत असतो. तुमची थोरली निदान चावत तरी नाही.

हे उठले. मग किल्ली टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

११ फेब्रुवारी

चावते! गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. पहिला खाली, दुसरा वर, तिसरा कुठे ते देव जाणे. चोक ओढायचा, पण फार नाही. क्लच सोडायचा, पण एकदम नाही. आमच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत पाच-सहा वेळा बंद पडली. शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात येऊन उभा.

ह्यांच्यासारखा वाईट शिक्षक दुसरा नसेल. "आवाज ऐक" म्हणतात. कसला आवाज? मला माझ्या छातीतली धडधड सोडून काही ऐकू येत नव्हतं.

१२ फेब्रुवारी

भांडलो. गाडीतच. मी उतरून पायी घरी आले. हे बसून राहिले. शेवटी मलाच परत जावं लागलं, गाडी कोण आणणार!

१५ फेब्रुवारी, रविवार

आज तिसरा पडला. सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना गोदामं, रविवारची शांतता. इंजिन कुरकुरायचं थांबलं आणि एकदम गुणगुणायला लागलं. हे डोळे मिटून बसले होते. "हां," म्हणाले. "आता बरोबर."

चार महिन्यांत इतक्या सरळ आवाजात काही बोलले नव्हते. मला रडू आलं, पण रस्ता दिसेनासा झाला असता. एका घरात एक पुरे.

१८ फेब्रुवारी

क्लबचे प्रमुख घरी येऊन गेले. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. मेळाव्यानंतर शहरफेरी आहे. रांगेने सगळ्या जुन्या गाड्या, नदीकाठाने निघून पूल ओलांडून परत. त्यांचा जुना नियम असा, की चालवणाऱ्याने रस्ता आणि माणसं सांभाळायची, शेजारी बसणाऱ्याने पुढची गाडी नजरेआड होऊ द्यायची नाही. तो सांगेल तिकडे वळायचं. मध्येच शंका नाही, चर्चा नाही.

वहिनी चालवणार म्हटल्यावर कप्तान खूश. "मग तुम्ही शेजारी! गुडघ्याला त्रास नाही," असं ह्यांना म्हणाले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता सांगतील, आता सांगतील... नाही सांगितलं. होकार दिला!

कप्तान गेल्यावर मी बोलले. म्हणाले, आपल्या पुढची गाडी क्रीम रंगाची, आपल्याच जातीची आहे. रंग दिसतो मला.

२१ फेब्रुवारी

दिवसभर थोरलीला पुसलं. ह्यांच्या जुन्या बनियनने. ती उद्या परक्या माणसाला आवडावी म्हणून. कसलं विचित्र काम!

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं त्यावर हसावं की कपाळाला हात लावावा!

नदीकाठच्या मोठ्या पार्किंगमध्ये मेळावा. जिकडेतिकडे उघडी बॉनेटं आणि त्यात वाकलेली पुरुषमाणसं. नुसत्या पाठी दिसत होत्या. बायका घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या. मी ड्रायव्हरच्या बाजूने उतरले तेव्हा त्यातल्या दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. लाजले, पण बरं वाटलं.

दातांचे डॉक्टर आले. मऊ बोलणारे, स्वच्छ हातांचे. प्रत्येक दार उघडून आत असे वाकून बघत होते की मला वाटलं, थोरली आता आ करणार. फेरीत त्यांची गाडी आमच्या मागेच होती. तिचं चालणं बघतो आणि मग कळवतो, म्हणाले. हे मान हलवत होते. चेहरा कोरा.

फेरी निघाली. माझी पाचावर धारण बसलेली, पण थोरली शहाण्यासारखी चालली. माणसं फुटपाथवर थांबून हात हलवत होती. बसमधल्या एका बाईने खिडकीतून तान्ह्या मुलाचा हात धरून हलवला. हे सांगत होते — सरळ, सरळ, आता सावकाश, डावीकडे. आवाज चढत चालला होता, पूर्वीसारखा.

पुलाच्या सिग्नलला घोडं अडलं. पुढची क्रीम गाडी निघून गेली आणि आम्हाला लाल दिवा लागला. हिरवा झाल्यावर हे म्हणाले, "ती बघ, उजवीकडे वळली. चल!" वळले. क्रीम गाडी पुढे, आम्ही मागे, आमच्यामागे दातांचे डॉक्टर आणि त्यांच्यामागे उरलेली अख्खी रांग. रस्ता अरुंद होत गेला. दुकानं संपली. दोरीवर वाळणारे कपडे लागले. आणि एका बंद गल्लीच्या शेवटच्या फाटकासमोर क्रीम गाडी थांबली. आतून एक म्हातारे गृहस्थ उतरले, हातात कांद्याची पिशवी आणि पाव. त्यांनी मागे पाहिलं. गल्लीभर जुन्या गाड्या, सगळ्या घुरघुरतायत.

"माझ्याकडून काही चुकलं का?" असं त्यांनी विचारलं.

बिचारे निवृत्त गणिताचे मास्तर! बाजार करून घरी येत होते. क्लब आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

मागचे लोक उतरून पुढे आले. कप्तानांचे फोनवर फोन, सगळे गेले कुठे म्हणून. एक जण जरा कडक आवाजात म्हणाला, पुढच्या गाडीवर लक्ष कुणाचं होतं?

हे उतरले. बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. म्हणाले, "चूक माझी. मला समोरचं दिसत नाही. चार महिने झाले. गुडघ्याला काही झालेलं नाही."

मास्तरांनी कांद्याची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग तुम्ही रंगावरून आलात? रंग मात्र अगदी बरोबर ओळखलात."

आणि हे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी. त्यांचं पाहून दातांचे डॉक्टर, मग तो कडक आवाजवालासुद्धा. मुरकुंडी वळली सगळ्यांची. वरच्या खिडक्यांतून लोक डोकावायला लागले.

त्या बंद गल्लीतून सगळ्या गाड्या उलट्या काढता काढता तास गेला असेल. मास्तरांनी आतून होत्या नव्हत्या तेवढ्या खुर्च्या आणल्या. त्यांची गाडी सकाळी चालू व्हायला कटकट करते, म्हणून हे तिच्या बॉनेटखाली हात घालून चाचपत बसले. कप्तान येऊन थडकले, ते रागवायचंच विसरले. तेसुद्धा वाकले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल एक लिहायचं टाळलं.

मला दिसलं होतं. सिग्नलनंतरच्या त्या क्रीम गाडीवर क्लबचा बिल्ला नव्हता. मागच्या काचेत भाजीची टोपली होती. ही आपली गाडी नाही हे मला वळायच्या आधीच कळलं होतं. तरी वळले. कारण हे इतक्या दिवसांनी इतक्या खात्रीने "चल" म्हणाले होते, आणि त्या 'चल'ला माझ्याच्याने नाही म्हणवेना. सगळ्या क्लबासमोर त्यांनी चूक एकट्याच्या अंगावर घेतली आणि मी शेजारी उभी राहून ऐकलं.

परत येताना गाडीत सांगून टाकलं. वाटलं, पुन्हा मिठाची गुळणी धरणार. ह्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "अगं, मला नाही दिसत ते तू सांगत जा. तूही सांगितलं नाहीस तर मी खरोखरच आंधळा झालो."

मी हो म्हटलं. मग लगेच सांगितलं, शर्टाचं बटण एक घर खाली लावलंय, सकाळपासून. चिडले! बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी

हे बसने मास्तरांकडे गेले. एकटे! बसचा नंबर कंडक्टरला विचारला म्हणे. संध्याकाळी आले ते काळ्या नखांनी. मी ओरडले, हे ऐकत होते कुठे.

गॅरेजमध्ये बसायला आता वेळ मिळत नाही त्यांना.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. गाडी फार आवडली. त्या दिवसाची फजिती बघून जास्तच आवडली, म्हणाले. बुधवारी संध्याकाळी पक्कं कळवा. हे मला म्हणाले, आता माझं डोकं ठिकाणावर आहे, म्हणून सांगतो, नुसती उभी करून ठेवण्यापेक्षा चांगल्या घरी जाऊ दे. बरोबरच बोलले. मी मान हलवली.

दवाखान्यात एका शांत सशाच्या मालकिणीवर उगाच खेकसले. मग माफी मागितली. मालकिणीची आणि सशाचीही.

१ मार्च

गोदामांच्या रस्त्याने फिरून आलो. तिसरा टाकला आणि पोटातून हसू आलं.

मला ती हवी आहे. ह्यांच्यासाठी नाही. मला!

४ मार्च, बुधवार

आज मी रोजच्यासारखी बसने गेले नाही. सकाळी चोक ओढला आणि थोरलीला घेऊन कामावर गेले. न विचारता, एकटी. पूर्ण रस्ता गाणं म्हटलं, बेसूर.

संध्याकाळी आले तर दार उघडंच होतं. हे फोनवर होते. "नाही हो डॉक्टर, माफ करा," म्हणत होते, "विकता येणार नाही. गाडी आमची ही रोज कामाला नेते."