चिंचेखालची जागा

अहो,

बारशाआधीच गेलेल्या आपल्या लेकीला पुरून आलात, तेव्हा "विहिरीजवळ, चिंचेखाली" एवढंच बोललात. बायकांनी तिथं यायचं नसतं, म्हणालात. पुढं विहीर बुजली, चिंच गेली आणि तुम्ही दुसरा संसार थाटलात.

काल जुन्या सोलापूरचे फोटो आणि नकाशे बघायला प्रदर्शनात गेले. एका फोटोत ती विहीर, ती चिंच आणि मागं गिरणीचं धुराडं होतं. धुराडं अजून उभं आहे. नकाशावरून जागा कळली. तिथंच माझा कुंभारीच्या बसचा स्टॉप आहे, इतकी वर्षं.

आज तिथं चपला काढून उभी राहिले. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, पाय भाजतील की!"

आपण एकत्र होतो तेव्हा तुम्ही मला सायकलवरून या स्टॉपवर सोडायला यायचात, पण अलीकडच्या कोपऱ्यावरच उतरवायचात. मी चिडायचे. का ते एकदा तरी सांगायचंत.

हे पत्र टाकणार नाही.

तिची आई,
विजयमाला