सहा टक्क्यांची एफडी आणि दिनूचा कान

७ फेब्रु. ९७, शुक्र. रास अल खैमा

सुट्टी. कामगारांच्या कँपच्या गेटवर एका बँकेने टेबल मांडलेलं. शंभर दिरहमचं एक सर्टिफिकेट. दर महिन्याला सोडत, मोठं बक्षीस दहा लाख दिरहम. व्याज शून्य, मुद्दल पाहिजे तेव्हा परत. टायवाला माणूस हिंदीत घसा फोडून सांगत होता. आमच्या रूममधल्या रमाकांतने पाच घेतली. सातारकडचा माणूस, हातात पैसा आला की त्याला खाज सुटते. रांगेत दिनूही दिसला. माझा सख्खा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी मीच व्हिसा काढून ह्या टाइल्सच्या फॅक्टरीत आणला. बखोट धरून रूमवर आणला.

आमचे अठरा हजार दिरहम एफडीत आहेत. सहा टक्के, दोन वर्षं. माझे अकरा, त्याचे सात. तेव्हा त्याचं खातं नव्हतं म्हणून सगळे माझ्या नावावर. पुढच्या वर्षी सप्टेंबरला सुटणार, मग गावी भाताची गिरणी. ठरलेलं आहे.

"दादा, मुद्दल कुठं जातंय?" म्हणे. म्हटलं, व्याज जातं ना, ते काय तुझा सासरा देणार? हसला. हसला म्हणून स्टीलचा ग्लास फेकून मारला. भिंतीला लागला. जेवायला आला नाही.

१४ मार्च, शुक्र.

रमाकांतला पाचशे लागले. पाचशे दिरहम म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये, हे रूममधल्या प्रत्येकाने एकेकदा मोठ्याने म्हणून झालं. दोन कोंबड्या आणल्या. पाचशेतले साठ तिथंच संपले, पण हिशोब कोण करतो.

जेवताना सगळ्यांसमोर दिनू म्हणाला, "दादा, माझे सात हजार वेगळे कर."

मी म्हटलं, मोडली तर एक पैसा व्याज मिळणार नाही. "नाही मिळालं तर नाही." रमाकांत मध्ये पडला, "सदा, पैसा त्याचा हाय. दे टाकून." रमाकांतची मानगूट धरून त्याला भिंतीवर आदळलं. दोघा-तिघांनी सोडवलं. रस्सा सगळा गादीवर.

बाबांचा हात असाच चालायचा. आई म्हणते, तू अगदी त्यांच्यावर गेलायस. कौतुकाने म्हणते की कशी, ते आजवर कळलेलं नाही.

२१ मार्च

दिनू बोलत नाही. डबा भरून ठेवतो माझा, पण बोलत नाही. मला ह्याचा जास्त राग येतो.

१६ मे, शुक्र.

लिहितोय कारण दुसरं काही सुचत नाही.

ह्या महिन्याचे गावी पाठवायचे पैसे दिनूने कमी दिले. म्हणाला ओव्हरटाइम कमी झाला. भट्टीवरच्या रजिस्टरात बघितला, झालेला होता. दुपारी तो अंघोळीला गेला तेव्हा त्याची बॅग उपसली. शर्टाच्या घडीत सहा सर्टिफिकेटं. सहाशे दिरहम. आला तेव्हा टॉवेल गुंडाळलेला, केस ओले. विचारलं, हे काय? म्हणाला, "माझ्या पगाराचं आहे. तुझी एफडी तू सांभाळ."

एक डावीकडे दिली. एकच. पण सगळा जीव घालून दिली. भट्टीवर पंधरा वर्षं काढलेला हात आहे. खाटेच्या लोखंडावर जाऊन पडला. उठला तेव्हा कानातून रक्त. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. हे वाक्य मी खरंच म्हणालो.

१७ मे

हॉस्पिटल. कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टरने हिंदीत विचारलं, कैसे हुआ? मी दाराशी उभा. दिनू माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाथरूम में फिसल गया." डॉक्टरने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. पाणी लागू द्यायचं नाही, तीन महिन्यांत भरेल कदाचित, नाहीतर ऑपरेशन.

टॅक्सीत त्याच्या उजव्या बाजूला बसलो. सॉरी म्हणायचं होतं. "औषध वेळेवर घे" म्हणालो.

१३ जून, शुक्र.

दिनू गेला. कंपनीचं अबुधाबीला गोडाऊन आहे, तिथं त्यानेच अर्ज करून बदली घेतली. मला पॅकिंगच्या सुपरवायझरकडून कळलं. रमाकांतला मिठी मारली. मला "येतो" म्हणाला, सवयीने असेल. पिकअप गेल्यावर त्याच्या खाटेला लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं.

४ जुलै

गावी फोन. आई: दिनूचा आवाज का नाही? म्हटलं बदली झाली. मग सुमनने फोन घेतला.

"भावजींना मारलंत ना?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी ओळखते ना तुम्हाला."

बारा वर्षांच्या संसारात आमचं दोनदा झालंय तसं. ती मोजत असेल तर तीनदा. बायकोनं असं शांतपणे ओळखणं सोसवत नाही. मीटर पळतोय म्हणून फोन ठेवला. मीटरचं कारण खोटं.

८ नोव्हें., शनि.

हे नीट लिहायचं आहे.

परवा रमाकांत सांगत आला. दिनूचा कान भरला नाही, पू येतोय. ऑपरेशनला चार हजार. "तुला सांगू नको म्हणला, म्हणून सांगतोय."

दुपारची शिफ्ट होती, सकाळी बँकेत गेलो. एफडी मोडायचा फॉर्म घेतला. काउंटरवरची बाई म्हणाली, चौदा महिन्यांचं व्याज जाईल, साडेबाराशेच्या वर. साडेबारा हजार रुपये. बाकावर बसलो. सही करायची तेवढी बाकी. डोक्यात काय चाललं होतं ते लिहितो, लाज वाटली तरी. दहाच महिने राहिलेत. कान काय पळून जातोय. दुसरा कान आहे ना. शिवाय तो स्वतः मागत नाही, मग मी का मोडू. सर्टिफिकेटं घ्यायला पैसे आहेत, कानाला नाहीत?

फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि शिफ्टला गेलो.

१४ नोव्हें., शुक्र.

रमाकांतने विचारलं, मोडली का? म्हटलं, सप्टेंबरला सुटेल. तो म्हणाला, "तू भाऊ हायेस का कसाई?" मारला. त्यानेही मारला, पहिल्यांदाच. कुकरचं झाकण हाणलं माझ्या खांद्यावर. मग मी तोंडावर. त्याचा पुढचा दात पडला. आम्ही दोघं चाळिशीची माणसं, जमिनीवर एकमेकांचे शर्ट धरून, आणि बाजूला तो दात. कँप बॉस आला. दोघांचे तीन-तीन दिवसांचे पगार कापले. "खलास, नेक्स्ट टाइम टिकट" म्हणाला, म्हणजे पुढच्या वेळी कायमचं घरी.

खरं तर कसाई म्हणाला ह्याचा राग नव्हता आला. भाऊ म्हणाला ह्याचा आला.

२३ जाने. ९८, शुक्र.

रमजान चालू आहे, शिफ्ट सहा तासांची. रमाकांत दोन महिन्यांनी बोलला. दारातच उभा राहून बोलला, बसला नाही.

दिनूचं ऑपरेशन झालं डिसेंबरातच. चौतीस सर्टिफिकेटं साठली होती त्याच्याकडे. सकाळी बँकेत गेला, दुपारी छापील किमतीला सगळे पैसे हातात. एक दिरहम कापला नाही. वरचे सहाशे रमाकांतने दिले. पण उशीर झाला होता, आतलं हाड सडलेलं. डावा कान गेला. "कायमचा," म्हणाला. मग म्हणाला, "नोव्हेंबरात केलं असतं तर वाचला असता, असं डाक्टर म्हणला." आणि गेला.

लॉटरी लॉटरी म्हणून ज्याला शिव्या घातल्या ते कागद एका दिवसात कामाला आले. माझी गॅरंटीची एफडी कुलुपात पडून व्याज खात होती.

शिफ्टवर तुटक्या टाइल्सच्या ढिगात टाइल्स फोडत बसलो. कोणी हटकलं नाही. हात फाटला.

६ मार्च

अबुधाबीला फोन केला. दिनूच आला. "हॅलो" म्हटल्यावर म्हणाला, "थांब, रिसीव्हर ह्या बाजूला घेतो." एवढं ऐकून मीच ठेवला.

१२ सप्टें., शनि.

एफडी सुटली. वीस हजार एकशेसाठ. बाई म्हणाली काँग्रॅच्युलेशन्स. काउंटरची काच फोडावीशी वाटली. तिचा काय दोष.

दिनूचे सात हजार अधिक आठशेचाळीस, वेगळ्या पाकिटात. रमाकांत शुक्रवारी अबुधाबीला जाणार आहे, त्याच्याकडे दिलं. त्याने मोजून घेतलं. माझ्यावर विश्वास नाही, बरोबरच आहे.

१९ सप्टें., शनि.

पाकीट परत आलं. आत आठशेचाळीस.

रमाकांत: "मुद्दल घेतलं. म्हणला, माझे होते ते मिळाले. हे दादाचं व्याज हाय, दादाला दे."

दिवसभर खिशात घेऊन फिरलो. रमाकांत म्हणाला जेव. ताट उडवलं त्याच्या हातातून. त्याने गप्प गोळा केलं सगळं. हा माणूस मला अजून का सोसतो कळत नाही.

२६ सप्टें.

आठ सर्टिफिकेटं घेतली, दिनूच्या नावावर. त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स माझ्याकडेच होती, व्हिसाच्या वेळची. वरचे चाळीस आईला जाणाऱ्या पैशांत घातले.

फोनवर सुमनला सांगितलं. म्हणाली, "गिरणीचं राहू द्या. आधी जाऊन बोला त्यांच्याशी." म्हटलं, रिकाम्या हातानं कसा जाऊ? "हात रिकामाच घेऊन जा," म्हणाली.

ऑक्टो. ९८

सोडत. नाही.

नोव्हें.

नाही.

डिसें.

पेपरातलं सोडतीच्या आकड्यांचं पान कोणीतरी जेवणाखाली अंथरलं होतं, वर डाळ. कोण ते न बघता ढकलला. समोरच्या रूममधला यूपीचा होता, टेबलावर पडला. "पागल है क्या?" विचारत होता. डाळीखालून आकडे वाचले. नाही.

मी, सहा टक्क्यांचा माणूस, महिन्यातून एकदा बोट फिरवत आकडे शोधतो. हजारो नंबर. मला दहा लाख नकोत. शंभर लागले तरी चालतील. शंभर घेऊन तरी जाता येईल त्याच्यासमोर.

१२ मार्च ९९, शुक्र.

नाही. पेपर फाडला.

९ एप्रिल, शुक्र.

लागलं. तीनदा बघितलं, मग रमाकांतला बघायला लावलं. आठातल्या पाचव्याला. पाच हजार दिरहम. तो ओरडला नाही की नाचला नाही. खाली छापलेली ओळ वाचली: ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः पासपोर्ट घेऊन यायचं, तीस तारखेच्या आत, नाहीतर बक्षीस रद्द. "आता जा," म्हणाला. "फोन करू नको. जा."

१६ एप्रिल, शुक्र. अबुधाबीहून परतल्यावर

सकाळी शेअर टॅक्सीने दुबई, तिथून अबुधाबी. सर्टिफिकेट आणि पेपरचं पान वरच्या खिशात. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं. आधी माफी, मग बक्षीस. मग वाटलं आधी बक्षीस, म्हणजे माफी सोपी जाईल.

अकराला पोचलो. कँपच्या मागच्या अंगणात नळ आहेत, सुट्टीचे लोक कपडे धूत होते. दिनू पाठमोरा बसलेला. खांदे बारीक झालेत. मी त्याच्या डावीकडून आलो. हाक मारली, "दिनू." नळाचं पाणी चालू होतं. परत मारली, मोठ्याने. दोन-तीन अनोळखी माणसांनी वळून बघितलं, ह्याने नाही. मग लक्षात आलं मी कुठल्या बाजूला उभा आहे.

खांद्यावर ठेवायला म्हणून हात उचलला. माझी सावली त्याच्या पुढ्यातल्या बादलीवर पडली. त्याने बघितलं, हात बघितला, आणि खाली बसल्या बसल्या दोन्ही ओल्या हातांनी डोकं झाकून घेतलं. एकतीस वर्षांचा माणूस. साबणाचा फेस कोपरावरून गळत होता.

माझा हात वरच. खाली आणायचा कसा तेच कळेना. कसाही आणला असता तरी तो मारायलाच आला असता.

नळ चालूच. कोणीतरी विचारलं, "क्या हुआ?" दिनूने बोटांच्या फटीतून बघितलं. "कुछ नहीं," म्हणाला. "भाई है मेरा." पण हात डोक्यावरून काढले नाहीत.

मी दोन पावलं मागे सरलो, फिरून उजवीकडे गेलो, लांबच, आणि जमिनीवर बसलो. हात मांडीखाली घेतले. बराच वेळ तसाच. त्याने एक शर्ट पिळला, मग दुसरा. शेवटी त्यानेच विचारलं, "जेवलास?" मी मान हलवली, नाही म्हणून. उठून आत गेला. बाहेर यायला वेळ लागत होता, तो येईपर्यंत शेवटची टॅक्सी भरेल म्हणून मी निघालो. टॅक्सीचं कारण खोटं.

सर्टिफिकेट माझ्याच खिशात आहे. नंबर त्याला सांगितलेला नाही. तीस तारखेला चौदा दिवस आहेत. मध्ये सुट्टीचा एक शुक्रवार.