कुंकू संपलं म्हणालात तेव्हा

बाई, तुमच्याइतका वाईट चहा मी पुढे कुठेच प्यायले नाही, मोठ्या साहेबांच्या ऑफिसातसुद्धा नाही. आता मला उत्तनपासून भाईंदरपर्यंतच्या बचत गटांत बोलवतात, नव्या मुलींना शिकवा म्हणतात, मॅडम म्हणतात. गावच्या शाळेतली सातवी पास मॅडम! तुम्ही असता तर चष्मा काढून हसत बसला असतात.

तेव्हा मीरा रोडला आमची बिल्डिंग नवी होती, टँकर आला की सगळ्या बादल्या घेऊन खाली. हे जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. भावाचा निरोप आला होता, संक्रांत झाली की न्यायला येतो. म्हणजे खोली विकायची आणि रत्नागिरीला वहिनीच्या चुलीपुढे जन्म काढायचा. त्यात तुम्ही दादरहून यायचात, बायकांचं पोळी-भाजी केंद्र काढायचं म्हणून. जिन्यात कागद लावलात, ‘महिला सभा’. आली कोण? मी एकटी. तुमचं तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं, “बाई, सभेला कोण येतंय? हळदीकुंकू ठेवा, बघा कशा धावतात.” तुम्ही खूश. मग मला वाटलं, आता म्हणतील, पण तुझं काय गं? छे! एवढं शिकलेल्या तुम्ही, पण सुचवणारीलाच तिथे जागा नाही, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. मीही मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, बघू तरी.

तळमजल्यावरच्या काकूंची खोली गच्च भरली आहे. मी आत स्वयंपाकघरात दूध आटवतेय. तुम्ही करंडा उघडता आणि जोरात हाक मारता, “अगं, तू बाहेर ये, पहिली तू!” मी दारात येते. काकू म्हणतात, “तिला कशाला? राहू दे आत.” आता तुम्हाला कळलं. काकूंना दुखवलं तर बायका उठून जाणार, केंद्र तिथेच संपणार. मला आत पाठवलं तर मी संपणार. तुमचा चेहरा मला अजून दिसतो, पेपर कोरा ठेवलेल्या पोरीसारखा. तेवढ्यात उत्तनची मासळीवाली, गळ्यात क्रॉस, टोपली दाराशी ठेवून बसलेली, ती म्हणाली, “कुंकू आमाला बी न्हाय लागत. मंग मी पन आत जाऊन बसू काय?”

तुम्ही करंडा पटकन मिटलात. “अगं बाई, कुंकू संपलंच की!” काठोकाठ भरलेला करंडा, बाई! खोटं बोलताना कान लाल झालेले. आणि वाणाची पिशवी माझ्या हातात दिलीत, “वाट गं.” प्लास्टिकच्या चहाच्या गाळण्या. माझ्या हातून घ्यायला कुणी हात पुढे करेना. मग समोरच्या गुजराती बेन उठल्या, “लाव ने, मारे तो बे जोईए.” आण म्हणे, मला तर दोन हव्यात! खोलीभर हशा. शेवटी काकूंनीही हात पुढे केला, “मोडकी देऊ नको हं.” मग मात्र पोळी केवढी, भाजी कुठली, कोणाच्या घरी लाटायच्या, यावर अशी भांडणं जुंपली की तुम्हाला सभा घ्यावीच लागली नाही.

पुढे केंद्र वाढलं, तशी मीही जरा फुगले. एकीला उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर बोलले, तर तुम्ही मला जिन्यात नेलंत. “पुढारीण झालीस ना? मग आजपासून सगळ्यांच्या मागून जेवायचं.” किती राग आला होता मला! अजून मागूनच जेवते. भाजी उरत नाही, त्याचा दोष तुम्हालाच देते.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आला, सामान बांध म्हणाला. मी म्हटलं, “कशी येऊ? बाईंनी मला केंद्राची प्रमुख केलंय. मी गेले तर सगळं बंद पडेल.” तो चहा पिऊन एकटाच परत गेला. बाई, तुम्ही तसं काही म्हणालाच नव्हतात. उरलेल्या गाळण्या पिशवीत भर, एवढंच म्हणाला होतात.