स्क्रूड्रायव्हरची पेटी आणि पर्याय क

३ एप्रिल
सूनबाईने माझी स्क्रूड्रायव्हरची पेटी कपाटात घालून कुलूप लावले. कारण इस्त्री. वास्तविक इस्त्री मी दुरुस्तच केली होती. फक्त ती आता गरम होण्याऐवजी घरातले सगळे दिवे घालवते. हा दोष इस्त्रीचा. चिरंजीवांकडे तक्रार केली. म्हणाले, बाबा, तुम्ही धडधाकट आहात हेच खूप झालं. आमची ही तोंडाला पदर लावून हसत होती.
ठराव: पेटी परत मिळवायची. पेटी नसेल तर या घरात मी नुसता खुर्चीवर ठेवलेला माणूस.

४ एप्रिल
वाचनालयात बोर्ड लागला आहे. ज्येष्ठांसाठी सामान्यज्ञान स्पर्धा. विषय: रोजचे विज्ञान, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे माझाच प्रांत! सूनबाईने अट घातली. पहिल्या तिघांत आलात तर पेटी तुमची. तोवर, आणि नाही आलात तर कायमचं, बटण दाबण्यापलीकडे विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. ताबडतोब हो म्हटले.

६ एप्रिल
तयारीचे पुस्तक आणले. भरपूर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. उत्तरे शेवटच्या पानांवर, नुसती अक्षरे. माझी शाळा सातवीत सुटली, पण डोके सुटलेले नाही. युक्ती काढली. प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द आणि उत्तराचे अक्षर, एवढेच पाठ करायचे. संगणकाची तात्पुरती मेमरी: ब. बर्फ पाण्यावर: ड. पर्याय वाचण्यात वेळ दवडायचा कशाला? बाकीचे वाचत असतील तोवर मी उत्तर देऊन मोकळा.
खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड कंपाउंडरही नाव देणार आहेत. ते म्हणे प्रत्येक गोष्ट समजून घेत आहेत. घ्या समजून. कोण अडवतंय?

९ एप्रिल, सकाळी
आंघोळ करताना पाठांतर. अ, ड, ड, क, ब, ड. हिने दार वाजवून विचारले, पोटात कळ येतेय का? या घरात अभ्यासाचे वातावरण नाही.

१३ एप्रिल
भयंकर उकाडा. ‘फ्रिजचे दार उघडे ठेवल्यास खोली’: क. हे अगदी पक्के पाठ आहे. क म्हणजे नेमके काय ते आठवेना, पण त्यात आठवायचे काय? थंड होईल, दुसरे काय होणार! दुपारी मंडळी बाहेर गेली होती. अट मोडत नव्हतो. दार म्हणजे दार, त्यात वीज कुठली? फ्रिज सताड उघडला, समोर खुर्ची टाकली. पुढून छान गार. डोळा लागला.

तीच तारीख, संध्याकाळी
जागा झालो तो घामाने निथळत. दूध नासलेले. फ्रिज दमेकऱ्यासारखा घरघरत होता. पुस्तक काढून पाहिले. क: खोली अधिक गरम होईल.
म्हणजे माझे उत्तर बरोबरच होते. क.
हे सूनबाईला समजावून सांगितले. तिने दूध मोरीत ओतले. ही मात्र म्हणाली, अहो, आता वॉशिंग मशीनमध्ये बसून बघा, तेवढंच राहिलंय.

१९ एप्रिल
झोप नीट नाही. मोबाइल शंभर टक्के चार्ज झाला की फुगतो का, ही नवीनच काळजी. अक्षरे अधूनमधून घसरतात. जिन्यात कंपाउंडर भेटले. त्यांनी आपणहून नाडी पाहिली आणि म्हणाले, जरा आराम करा, वय झालं. डाव ओळखला. यापुढे प्रतिस्पर्ध्याच्या हातात मनगट द्यायचे नाही.

२४ एप्रिल
रंगीत तालीम. चिरंजीव पुस्तकातून प्रश्न विचारत होते. पहिला पर्याय त्यांच्या तोंडातून बाहेर पडण्याआधी माझे उत्तर तयार. एकही चुकले नाही! ही स्वयंपाकघरातून बघायला आली. सूनबाई चाट पडली. पण तिचा स्वभाव संशयी. विचारते, बाबा, ब म्हणजे काय ते सांगा ना. सांगितले, ब म्हणजे बरोबर उत्तर. मग म्हणे, तिथे पर्याय याच क्रमाने असतील कशावरून? पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. मग विचार केला, पुस्तक छापील आहे. छापलेले कोण बदलणार?
ठराव: पेटी मिळताच पहिल्यांदा मिक्सर उघडायचा.

३० एप्रिल, दुपारी
स्पर्धा झाली.
प्रश्न पडद्यावर येत होते. पहिलाच प्रश्न संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीचा. वाचनालयाच्या बाईंचे वाक्य पुरे होण्याआधी उभा राहून ‘ब!’ असे खणखणीत सांगितले. टाळ्या पडल्या. मग पडद्यावर पर्याय आले. ब: पंखा.
बाई सौजन्याने म्हणाल्या, पुढच्या वेळी पर्याय बघून घ्या, आजोबा. पण एकदा लागलेली सवय. बर्फाचा प्रश्न येताच ‘ड!’ म्हटले. इथे पर्याय तीनच होते.
मागच्या रांगेत सूनबाई बसली होती. तिकडे पाहिले नाही. पुढे पर्याय वाचायचे ठरवले, तर ते भराभर सरकत होते आणि सगळेच बरोबर वाटत होते.
कंपाउंडर दुसरे. आपण शेवटचे. अर्थात शेवटचा नंबर जाहीर करायची काही गरज नव्हती. चूक संगणकाची. त्याला सरळ क्रम लावता येत नाही.
परतताना रिक्षात सूनबाई म्हणाली, आवाज मात्र तुमचाच सगळ्यात मोठा होता हो.

२ मे
सकाळी सूनबाईने आपणहून कपाट उघडले आणि पेटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, कुकरचं हँडल हलतंय, तेवढं घट्ट करून द्या. त्यात करंट नाही.
शेवटी माझ्यावाचून अडलेच! पेटी उघडली. सगळी हत्यारे जागच्या जागी. चपटा घ्यावा की फुलीचा, यावर नीट विचार केला. असल्या कामात घाई चालत नाही. स्क्रू बारीक दिसला, म्हणून चष्मा शोधायला गेलो. तो डोक्यावरच होता. परत येऊन पाहतो तर कुकर गॅसवर चढलेला. हिने सुरीच्या टोकाने हँडल आवळून टाकले होते.
पेटी पुन्हा कपाटात गेली आहे. या वेळी कुलूप लावलेले नाही. गरज वाटली नसावी.