हरलेल्यानं लिहायचं

प्रिय इस्माईल,

तुला जाऊन चाळीस दिवस झाले, काल तुझा चाळिसावा झाला. भाभींनी आग्रह करकरून वाढलं. शेजारी बाळू जेवायला बसला होता. तोच बाळू, तुमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड. आता कागलला सायकलचं दुकान चालवतो. जेवताना त्यानं मला एक गोष्ट सांगितली. तुझ्याशी बोलल्याशिवाय आता सुटका नाही, म्हणून हे पत्र.

आपला 'टप्पा' आठवतोय ना रे? शाळेतल्या पोरांसाठी फुटबॉलचं मासिक काढायचं, हे खूळ माझं. मी मंगळवार पेठेतला शाळामास्तर, तू पलीकडच्या पेठेतला छापखानावाला. माझी तालीम वेगळी, तुझी वेगळी. मॅचला आपण मैदानाच्या दोन टोकांना बसायचो आणि सोमवारी तुझ्या छापखान्यात एकाच बाकावर. लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कागदावर पहिला अंक निघाला, त्यामुळं दोन पानं गुलाबी, दोन पिवळी. पोरांना वाटलं, मुद्दामच केलंय.

पहिल्याच अंकाला मी आमच्या विजयाचं दोन पानं वर्णन लिहून आणलं होतं. तू वाचलंस आणि कागद माझ्याकडं सरकवलास.

"मास्तर, जिंकलेला फुगून लिवतोय. हितनं फुडं हरलेल्यानं लिवायचं. आनि जिंकलेल्यानं त्यातलं एक अक्षर बदलायचं न्हाय."

रिपोर्टाखाली नाव घालायचं नाही, हेही तूच ठरवलंस. पोरांनी पेठ बघून वाचू नये म्हणून. कुठला रिपोर्ट कोण लिहितं, हे आपल्या दोघांतच राहिलं.

किती अवघड होतं ते! हरून यायचं आणि समोरच्या गोलकीपरचं कौतुक लिहायचं. तू तर आधी अर्धा तास शिव्या द्यायचास, मग लिहायचास. एकदा आमच्या बारक्या हाफबॅकबद्दल इतकं मनापासून लिहिलंस की त्याच्या आईनं तो अंक देव्हाऱ्याशेजारी ठेवला. पोरांचा 'टप्पा'वर विश्वास बसला तो त्यामुळं. गल्लीत वाद लागला की म्हणायची, "टप्पात काय आलंय बघ की." दोन पेठांची पोरं एकच अंक दोघांत धरून वाचताना मी बघितली आहेत.

पाच वर्षं असं चाललं. मग ती फायनल आली.

शेवटच्या मिनिटाला बाळूनं गोल केला आणि आम्ही हरलो. मी गोलच्या मागंच उभा होतो. चेंडू त्याच्या छातीवर आदळून आत गेला. मी बघितलं, इस्माईल. छातीच होती. आणि घरी येऊन मी लिहिलं की बाळूनं चेंडू हातानं ढकलला.

का लिहिलं, ते आजही धड सांगता येत नाही. पेठेत घराघरांत सुतक असल्यागत झालं होतं. माणसं मला रस्त्यात धरून विचारत होती, "मास्तर, हात हुता न्हवं?" मला 'व्हय' म्हणावंसं वाटलं. एवढंच.

छापायच्या आधी तू दोनदा विचारलंस.

"तू जवळ हुतास. हात लागलता?"

"लागलता."

"बघ हं मास्तर. पोरं वाचत्यात."

"लागलता म्हटलं की."

मग तू छपाईच्या शिशाच्या खिळ्यांची पेटी पुढं ओढलीस. स्वतःच्या तालमीविरुद्धचा तो मजकूर स्वतःच्या हातानं एकेक खिळा उचलून जुळवलास.

पुढचं सगळं तू भोगलंस. तुझ्याच पेठेतली माणसं छापखान्यात शिरली आणि खिळ्यांच्या पेट्या रस्त्यावर पालथ्या केल्या. तू गटारात हात घालून खिळे वेचत होतास. मीही शेजारी बसून वेचायला लागलो. तेव्हाही तोंड उघडलं नाही. 'टप्पा' तिथंच संपला. तू उचगावला जाऊन हँडबिलं छापत बसलास. तालमीत तुला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मासिक का बंद केलं असं कुणी विचारलं, की मी सांगायचो, कागद महागला.

आणि बाळू? पुढच्या हंगामात तो मैदानात उतरला की भिंतीवर बसलेली पोरं ओरडायची, "हात, हात!" आपलीच पोरं ती, 'टप्पा' वाचणारी. दोन मॅचनंतर त्यानं बूट काढले ते काढलेच. वीस वर्षांचा होता.

काल तो मला म्हणाला, "मास्तर, इस्माईलभाई दर ईदला शिरखुर्म्याचा डबा घिऊन कागलला यायचे. पहिल्या वर्षी आले तवा माझ्या आईम्होरं हात जोडलं. म्हनले, त्यो रिपोर्ट म्या लिवला, खोटा लिवला. म्या इचारलं, आपल्याच पोराबद्दल असं का वो? तर म्हनले, आपल्याच तालमीविरुद्ध लिवून मोठेपना मिरवाय गेलो." मग भातावर रस्सा ओतत म्हणाला, "म्या कवाच माफ केलं त्यास्नी. चांगला मानूस हुता."

असं का केलंस, मर्दा? तुला कधी कळलं? खिळे जुळवतानाच, की गटारातले वेचताना माझं तोंड बघून? इतकी वर्षं माझ्याबरोबर चहा प्यायलास, एका शब्दानं विचारलं नाहीस. चार शिव्या घालायच्या होत्यास, त्या मी सोसल्या असत्या. हे कसं सोसू?

राग येतोय मला तुझा. पाप माझं, ते तू कुणाला विचारून उचललंस? मग वाटतं, तू वाट बघत असशील. मास्तर आज बोलेल, उद्या बोलेल. आणि मी तुला माती देतानाही बोललो नाही.

येत्या रविवारी मी कागलला जाणार आहे. दुकानात गिऱ्हाइकं असली तर त्यांच्यादेखत सांगेन, की गोल छातीनं झाला होता आणि खोटं मी लिहिलं होतं. तिथनं तुमच्या तालमीत जाईन आणि तिथंही हेच सांगेन. बाळू मला माफ करेल असं नाही, आणि मी मागणारही नाही. तुला दिलेली माफी तेवढी त्यानं परत घ्यावी, असं सांगणार आहे. तुला ती कधीच लागत नव्हती.

तुझा,
मास्तर