टाचीकाका माझी गरिबी सांगायला आले

आदरणीय बादूमामा यांना,

अफियाचा वाकून नमस्कार. पत्रात हात दिसत नाही म्हणून सांगते, हे उजव्याच हाताने लिहिते आहे आणि चपला खोलीबाहेर काढून बसले आहे. तुमचा गुडघा कसा आहे? शियाच्या बियांचं लोणी कोमट करून चोळता ना, की मागच्यासारखा डबा नुसता उशाशी ठेवूनच बरं वाटतंय? मामींना, आईला आणि अंगणातल्या सगळ्या लहानथोरांना माझा नमस्कार सांगा. इथे सारं शांत आहे. मी वेळेवर जेवते, झोपते, आणि हिब्रूची क्रियापदं सोडली तर मला कुणाचाही त्रास नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. तुमचा फोन अंगणात खुर्चीवर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा लावलेला असतो. मला पडसं झालंय एवढंच मागे सांगितलं, तर संध्याकाळी चर्चमध्ये माझ्यासाठी उभं राहून प्रार्थना झाली. म्हणून हे पत्र ड्रायव्हर मेन्साच्या हाती देते आहे. एकट्यानेच वाचा. (मामींना कळेलच, त्याला इलाज नाही.)

टाचीकाका परत पोचले असतील आणि इथली मोहीम कशी फत्ते झाली ते त्यांनी तुम्हाला सांगितलंही असेल. त्यांच्या तोंडून ऐकायला ते फार गोड वाटतं, पण मी तिथेच बसले होते, म्हणून जरा मागून सुरू करते. आमच्या धर्मविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांची फी माफ होते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या अर्जात पहिलाच रकाना वडिलांच्या उत्पन्नाचा. आता माझे वडील देवमाणूस आहेत, दर नाताळला न चुकता कोंबडी पाठवतात, पण माझ्या शिक्षणाचं त्यांना आजवर कुणी विचारलं नाही, कारण तशी रीतच नाही. भाचरांना शिकवायचं ते मामाने. आणि अख्ख्या अर्जात मामाला जागा नाही! कारकुनाला विचारलं तर म्हणाला, ‘इतर नातेवाईक’मध्ये लिहा. आमच्या घरातल्या पोरांच्या वह्या, गणवेश, बुटांचे तळसुद्धा ज्याने पाहिले तो इतर नातेवाईक? मी त्या कारकुनाशी चांगलीच हुज्जत घातली. शेवटी तो कबूल झाला की त्याचीही फी त्याच्या मामानेच भरली होती, पण अर्ज जर्मनीतून छापून येतात, त्याला तो काय करणार. तेव्हा मी ‘वडील’ हा शब्द खोडला, वर ठळक अक्षरांत ‘मामा’ लिहिलं आणि अर्ज देऊन टाकला. त्याचा परिणाम एवढाच झाला की समिती गोंधळली आणि मुलाखतीला घरच्या कर्त्या माणसाला घेऊन या, असा मला निरोप आला.

तुमच्या गुडघ्यामुळे तुम्हाला येता येईना. (आणि गुडघा धड असता तरी घराण्याचा प्रमुख परक्या जागी स्वतःच्या तोंडाने थोडाच बोलतो!) म्हणून तुम्ही आपल्या वतीने बोलणारा माणूस पाठवलात, ते योग्यच केलंत. पण मामा, टाचीकाका आले ते काळं-पांढरं जरीकाठी वस्त्र खांद्यावर टाकून, मागे यामच्या कंदांचं पोतं आणि पुढे दोरीला बांधलेला मेंढा. मी म्हटलं, काका, आपण गरीब आहोत हे सांगायला आलोय. तर म्हणाले, रिकाम्या हाताने मागायला गेलं तर लोक म्हणतील हे गरीब आहेत. मेंढा त्यांनी प्राचार्यांच्या अंगणातल्या खांबाला बांधला, आणि आम्हाला आत बोलावणं येईपर्यंत त्याने तिथली बोगनवेल हाताला लागेल तितकी, म्हणजे तोंडाला लागेल तितकी, संपवली.

समितीत आमचे प्राचार्य न्यार्को होते आणि ब्रेनरबाई होत्या. ज्या चर्चकडून हा पैसा येतो त्या चर्चने बाईंना जर्मनीहून पाठवलंय, आणि त्यांना इथे येऊन जेमतेम तीन महिने झालेत. प्राचार्यांनी रीतीप्रमाणे पाणी दिलं, काका प्यायले, मग प्राचार्यांनी रीतीप्रमाणे येण्याचं कारण विचारलं. काका उभे राहिले, आदराने खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं आणि रीतीप्रमाणेच म्हणाले, ‘इथे सारं शांत आहे. आम्ही कोणतीही वाईट गोष्ट घेऊन आलेलो नाही.’ प्राचार्यांनी बाईंसाठी ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की आम्हाला काही अडचणच नाही असं त्यांनी निम्मं ठरवून टाकलंय. पुढे काकांनी लागोपाठ तीन म्हणी सांगितल्या (त्या तुम्हाला पाठ आहेत, कागद वाया घालवत नाही). मग बाईंनी सरळच विचारलं की तुमचं घराणं या मुलीची फी भरू शकतं का? आता सांगा, जो माणूस तुमच्या तोंडाने बोलतो, तो तुमच्या तोंडून ‘नाही’ कसं काढणार? काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, ‘आमच्या घराण्याचे कर्ते ओपानिन बादू, त्यांच्या घरचं मूल दुसऱ्याच्या भांड्यात हात घालत नाही.’

प्राचार्य आपल्याच भागातले, त्यांना सगळं कळत होतं, पण बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द प्रमुखाचा असतो, तो त्यांना खोडता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, अफिया, हे असंच आहे ना? खरं सांगायला दार उघडून दिल्यासारखंच होतं ते. मी म्हटलं, ‘हो, मामांचा शब्द खरा आहे.’ दोन दिवसांनी फलकावर यादी लागली. माझ्या नावापुढे ‘कुटुंब सक्षम’ असं लिहिलं होतं.

मामा, टाचीकाकांवर रागावू नका. ते बोलत होते तेव्हा मला लाज वाटली, आणि खरं सांगते, त्याच वेळी माझा ऊरही भरून आला. आपल्याबद्दल एवढं छान मी कधी ऐकलं नव्हतं. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट मनातून जात नाही. मी इथे कशासाठी आले? शाळेतली बरी नोकरी सोडून, उद्या चर्चच्या व्यासपीठावर उभी राहून लोकांना खरं सांगायचं म्हणून. आणि पहिल्यांदा जेव्हा खरं बोलायची वेळ आली तेव्हा मी आदराआड लपले. आदर खोटा नव्हता, हेच अवघड आहे. खोटा असता तर सोडून देता आला असता. मोठ्या माणसाचा शब्द चारचौघांत खाली पाडायचा नाही हेही खरं, आणि पैसे नाहीत हेही खरं. या दोघांना एका खोलीत बसवायचं कसं, ते इथल्या जाड जाड पुस्तकांत मला अजून सापडलेलं नाही.

यादी लागली त्याच संध्याकाळी ब्रेनरबाई माझ्या वसतिगृहावर आल्या. विषय मेंढ्याचा होता. भेट परत केली तर तुमच्या घरच्यांना राग येईल का, असं विचारत होत्या. (येईल, म्हटलं. मेंढा सध्या त्यांच्या स्वयंपाकघरामागे राहतो आणि त्यांनी त्याला जर्मन नाव ठेवलंय.) मग मी त्यांना धीर करून सांगितलं की बाई, ‘सारं शांत आहे’ हे आमच्याकडे सगळेच म्हणतात, मयताचा निरोप आणणारासुद्धा.

‘मग वाईट बातमी कधी सांगतात?’ त्यांनी विचारलं.

‘शेवटी.’

‘आणि तुझे काका शेवटपर्यंत पोचलेच नाहीत?’

‘नाही. तुम्ही मधेच प्रश्न विचारलात.’

त्या हसल्या, पण लगेच डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, त्यांच्या गावी उलटं आहे, भरघोस बटाटे निघाले तरी शेतकरी बुडालो बुडालो म्हणत फिरतो. त्यामुळे जो बुडालो म्हणत नाही त्याच्याकडे बरंच असणार, असं त्यांना वाटलं. चांगल्या बाई आहेत. मी त्यांना आंबवलेल्या मक्याचे केंके आणि तळलेली मासळी दिली, मिरचीसकट खाल्ली त्यांनी. जाताना सांगून गेल्या की फेरविचाराची बैठक येत्या शुक्रवारी आहे, पण नियमाप्रमाणे घराच्या प्रमुखाने स्वतः यायला हवं. बोलणारा माणूस चालणार नाही. त्या दिवशी निर्णय बदलला नाही तर पुढच्या सत्राला माझं नाव पटावर नसेल.

एवढंच. बाकी सारं शांत आहे. गुडघ्याला जपा, दमट ओट्यावर बसू नका.

तुमची भाची,
अफिया सेरवा

ता. क. शुक्रवारी तुम्हीच या, मामा. जरीचं वस्त्र नको, याम नको, मेंढा तर नकोच. एकच वाक्य बोलायचंय: ‘आता माझ्याच्याने होत नाही.’

ता. क. २. वरचं पत्र खरं म्हणजे यासाठीच लिहायला घेतलं होतं. आईने सांगू नको म्हणून बजावलं होतं, तरी सांगते. तुमचा पिकअप बघायला गोआसोहून गिऱ्हाईक येऊन गेलं, हे मला कळलंय. टाचीकाकांनी दिलेला शब्द खरा करायला तुम्ही तो विकताय. विकू नका. त्यावर कोको वखारीला जातो, आणि त्या कोकोवर धाकट्यांची शाळा चालते. शुक्रवारी त्याच पिकअपमधून या. ते वाक्य जड वाटलं तर तेही राहू द्या, मी बोलेन. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा, आणि मी बोलत असताना मला अडवू नका.